आई तीनदा ‘हो’ म्हणाली, आणि आलीच नाही

नवीवाट

नमस्कार. बरेच महिने या मंचावरचं नुसतं वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ.

मी एका कुटुंब साहाय्य केंद्रात काम करते, चौदा महिने झाले. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वेगळ्या भाषेतले, वेगळ्या वळणाच्या घरांतले असतात. कामापुरतं बोलणं होतं. पण खरी गडबड त्या ‘कामापुरतं’मध्येच आहे असं आता वाटायला लागलंय.

एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. चार वर्षांचा मुलगा, दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. आईला मी समजावलं की आधी ऐकण्याची तपासणी करू, मग वाचा-उपचार सुरू करू, त्यासाठी संमतीपत्रावर सही लागेल आणि आठवड्यातून दोनदा यावं लागेल. ‘कळलं ना?’ हो. ‘जमेल ना?’ हो. ‘मग मंगळवारी येताय ना?’ हो. तिने सही केली. सगळं मिळून वीस मिनिटं. केस सोपी गेली म्हणून मी खूश होते.

ती मंगळवारी आली नाही. पुढच्या दोन भेटींनाही नाही. फोन उचलेना. मी केस नोटमध्ये लिहिलं, ‘पालकांचे सहकार्य नाही.’ दोन महिन्यांनी तिच्या ओळखीतली एक बाई दुसऱ्याच कामासाठी आली, तिच्याकडून कळलं. आईला वाटलं होतं की त्या कागदावर सही केली म्हणजे मुलाला घरातून नेऊन कुठल्यातरी निवासी शाळेत ठेवणार. सही केली तीही भीतीने, आणि आली नाही तीही भीतीनेच. त्या चार वर्षांच्या पोराचे दोन महिने माझ्यामुळे गेले. हे डोक्यातून जात नाही.

नोकरीला लागल्यावर आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात एक तक्ता मिळाला: डाव्या बाजूला समाजांची नावं, पुढे रकाने. नजर देतात की नाही, वेळेबद्दल काय समजूत, घरात निर्णय कोण घेतं. तो मी ड्रॉवरच्या आतून चिकटवला आहे. ही आई माझ्याकडे बघत नव्हती, तेव्हा मी मनात तक्ता आठवला, ‘आदर म्हणून खाली बघतात’, आणि पुढे बोलत राहिले. ती घाबरलेली असेल हे मनातच आलं नाही.

विचारायचं असं: तो तक्ता ठेवू की काढू? समोरच्याचा होकार खरा आहे हे कसं ओळखायचं? आणि रोजच्या कामात घासता येईल अशी काही सवय आहे का? पुस्तकं वाचायची तयारी आहे, पण मला तोंडात बसेल असं काहीतरी हवंय.

जुनीवही

तू म्हटलं तर चालेल ना? माझी मुलगी साधारण तुझ्या वयाची असावी. या कामात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची आठ नव्या कार्यकर्त्यांच्या सुपरव्हिजनची.

तक्ता आजच काढ. १९९८ साली मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी एक लेख लिहिला. त्यात एक प्रसंग आहे. शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी एक लॅटिन अमेरिकी वंशाची बाई कण्हत पडली आहे. तिला पाहायला आलेला डॉक्टर, तोही त्याच वंशाचा, नर्सला म्हणतो की हिला फार वेदना होताहेत असं दिसतंय. नर्स ते उडवून लावते. तिने आंतरसांस्कृतिक उपचारांचा कोर्स केलेला असतो, आणि ‘हे लोक वेदना वाढवून दाखवतात’ हे तिथे शिकलेलं असतं. बाई समोर कण्हते आहे आणि नर्स कोर्स आठवते आहे. तू ड्रॉवर आठवलास, ते याच्यापेक्षा वेगळं नव्हतं. वाईट वाटून घेऊ नकोस. या खड्ड्यात आम्ही सगळे पडलो आहोत, आणि आम्हाला पाडणारी बहुतेक वेळा अशी प्रशिक्षणंच होती. त्या दोघींनी ‘सांस्कृतिक सक्षमता’ (म्हणजे दुसऱ्याची संस्कृती शिकून आपण तयार झालो) या शब्दाऐवजी ‘सांस्कृतिक विनम्रता’ (म्हणजे आपल्याला ती पूर्ण कळलेली नाही असं धरून शिकत राहायचं) हा शब्द सुचवला. मला शब्दापेक्षा तो प्रसंग जास्त उपयोगी पडला. गेली कित्येक वर्षं पहिल्या दिवशी मी तोच सांगते.

पण ज्या समाजांसोबत काम करतेस त्यांच्याबद्दल वाचायचं सोडू नकोस. सरकारी कागदाने त्यांचं पूर्वी काय केलं, कुणाची मुलं नेली, कुणाच्या जमिनी गेल्या, हे माहीत असायलाच हवं. कागद बघितल्यावर माणूस का आक्रसतो ते त्यातून कळतं. फक्त जे वाचलंस त्याचा प्रश्न करून समोर ठेव. ‘यांच्यात मोठी माणसं ठरवतात’ असं वाचलं असेल, तर विचार, ‘हे घरी कुणाला सांगावं लागेल? ते काय म्हणतील?’ कधी उत्तर येईल ‘सासूबाई’, कधी ‘कुणालाच नाही, मीच’.

आता ‘हो’बद्दल. तुझी पोस्ट पुन्हा वाच. कळलं ना, जमेल ना, येताय ना. तिन्ही प्रश्नांच्या शेपटीला ‘ना’ आहे. आपल्या भाषेतला हा ‘ना’ फार गोड आहे, घरात तो मायेने येतो. टेबलाच्या अलीकडे अधिकार असलेला माणूस बसला की त्याच ‘ना’मध्ये उत्तर भरून दिलेलं असतं. समोरच्याने फक्त मान हलवायची. त्यातून ‘काही शंका नाही ना?’ असा नकारार्थी प्रश्न आणखी वाईट, कारण काही भाषांमध्ये अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते बरोबर’ आणि काहींमध्ये नेमकं उलट.

हे फक्त आपल्याच कामात होतं असं समजू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली अनुंगा खटल्यात आदिवासी संशयितांच्या पोलीस चौकशीसाठी नियम घालून दिले. त्यातला एक असा की, गप्प राहण्याचा हक्क समजावून सांगितल्यावर ‘समजलं का?’ एवढं विचारणं पुरेसं नाही. संशयिताने त्याचा अर्थ एकेक वाक्यांश घेऊन स्वतःच्या शब्दांत परत सांगायला हवा. विचारणाऱ्याला जे ऐकायचं आहे असं वाटतं तेच उत्तर माणूस देतो, हे न्यायालयाच्या ध्यानात आलं होतं. डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पुढे अशा होकारांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अधिकाऱ्यासमोर, परक्या भाषेत, लवकर सुटका व्हावी म्हणून दिलेला ‘हो’. तुझ्या केसमधल्या आईचा ‘हो’ मला त्यातलाच वाटतो.

दवाखान्यांमधून ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावायची हीच पद्धत ‘टीच-बॅक’ नावाने चालते. ती परीक्षेसारखी वाटली तर माणूस मिटतो, म्हणून ओझं आपल्यावर घेऊन विचारायचं. माझं वाक्य ठरलेलं आहे: ‘मी घाईत बोलते, काहीतरी सुटतं. घरी कुणी विचारलं की केंद्रात काय ठरलं, तर काय सांगाल?’ मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड. २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांमधली संभाषणं मोजली. प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी एक-पंचमांश सेकंद निघालं, आणि सगळ्यांत तत्पर व सगळ्यांत सावकाश भाषांमध्ये फरक अर्ध्या सेकंदाच्याही आत. एवढासा फरक, पण आपल्या सवयीपेक्षा कुणी किंचित थांबला की आपल्याला वाटतं हा टाळतोय, आणि आपण दुसरा प्रश्न टाकतो. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मी टेबलाखाली बोटांवर सातपर्यंत मोजते. सुरुवातीला सात म्हणजे एक युग वाटायचं.

आणि एक प्रश्न, ज्याने माझ्या कामाचा रंग बदलला. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने १९७८ साली सहकाऱ्यांबरोबर काही प्रश्नांचा संच मांडला. तुम्ही या त्रासाला काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, तेव्हाच का सुरू झाला, असे प्रश्न. आजाराबद्दलचे आहेत, पण कुठल्याही केसला लागू पडतात. त्यातला एक मी कधीच सोडत नाही: यात तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?

तू त्या आईला हा एकच प्रश्न विचारला असतास तर निवासी शाळा त्याच दिवशी टेबलावर आली असती. कदाचित दुसऱ्या भेटीत. पण आली असती.

रोजचेचाळीस

जुनीवही, सगळं पटतं. पण दिवसाला नऊ-दहा केसेस, प्रत्येकी चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा फॉर्मची. बोटं मोजत बसायला वेळ कुठून आणायचा? प्रामाणिकपणे विचारतोय.

जुनीवही

प्रश्न रास्त आहे. नवीवाटच्या केसमध्ये वीस मिनिटांत काम झालं, आणि मग तीन हुकलेल्या भेटी, न उचललेले फोन, दोन महिने. तो वेळ तुमच्या वेळापत्रकात दिसत नाही, पण जातो तुमच्याच दिवसांतून. मी फॉर्म शेवटी नेला. पहिली दहा मिनिटं कागद उलटा ठेवायचा. माणूस बोलता बोलता निम्मा फॉर्म आपणच भरून देतो, उरलेल्याला पाच मिनिटं पुरतात. सगळ्या केसेसना जमत नाही. तातडीचं संकट असेल तेव्हा तर नाहीच.

दुभाषा

नवीवाट ताई, मी अकरा वर्षं दुभाष्याचं काम करतोय, रुग्णालयं, न्यायालयं आणि तुमच्यासारखी केंद्रं. तुमची पोस्ट वाचून पहिला प्रश्न मनात आला: संमतीपत्रावर सही घेताना दुभाषा का नव्हता? ‘कामापुरतं बोलता येतं’ ही पातळी मला सगळ्यांत धोक्याची वाटते. अजिबात येत नसेल तर लोक दुभाषा बोलावतात. थोडं येत असेल तर दोघंही भाषा येते असंच दाखवत राहतात, आणि नेमका महत्त्वाचा शब्द मधल्या मधे पडतो.

ओळखीच्या माणसाकडून काम भागवणं टाळा. ग्लेन फ्लोरेस यांनी २००३ मध्ये बालरोग विभागातल्या तेरा भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा एका भेटीत सरासरी ३१ चुका सापडल्या. त्यातल्या बऱ्याचशा शब्द गाळण्याच्या. ज्यांचा उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण ऐनवेळी मधे घातलेल्या, दुभाष्याचं काम न शिकलेल्या माणसांमध्ये जास्त होतं. म्हणजे आम्हीही चुकतो, हे मी मान्य करतो. फरक इतकाच की आम्हाला थांबवून ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं शिकवलेलं असतं. दुभाषा म्हणून बसवलेल्या घरातल्या भाचीला ते जमत नाही.

तुमच्या हातात आहे ते सांगतो. भेटीआधी दुभाष्याला पाच मिनिटं द्या. आज काय ठरवायचं आहे, कुठली बातमी नाजूक आहे, कुठले शब्द येणार. ‘वाचा-उपचार’ याला अनेक भाषांमध्ये घरात वापरायचा शब्दच नाही. ऐन वेळी मला तो समोर आला तर मी ‘बोलायला शिकवतात ती शाळा’ असं काहीतरी म्हणेन. आणि तिथे ‘शाळा’ शब्द आला की संपलं! तुमच्या केसमध्ये मधल्या कुणीतरी असंच भाषांतर सांगितलं असेल असं मला राहून राहून वाटतंय.

बोलताना माझ्याकडे बघू नका, आईकडे बघा. ‘त्यांना विचारा की मुलगा रात्री झोपतो का’ असं मला सांगू नका, सरळ तिला विचारा, ‘मुलगा रात्री झोपतो का?’ दोन वाक्यं झाली की थांबा. मी आणि ती तीन मिनिटं बोललो आणि मी तुम्हाला फक्त ‘हो म्हणते’ एवढंच सांगितलं, तर मला अडवा. ‘तिचं सगळं बोलणं मला हवंय’ असं म्हणा. चांगला दुभाषा यावर रागावत नाही.

आणखी एक, जे फार कमी कार्यकर्ते विचारतात. छोट्या भाषक समाजात दुभाषा आणि क्लायंट एकमेकांना ओळखत असण्याची शक्यता मोठी असते. घरातला हिंसाचार, मानसिक आजार, असं काही असेल तर दुभाष्याचं नाव आधी तिला सांगून विचारा की हा माणूस चालेल का. फोनवरचा, दूरच्या ठिकाणचा दुभाषा अशा वेळी बरा. समोर बसलेल्या माझ्यापेक्षा बरा, हे मीच सांगतोय.

पलीकडचीखुर्ची

मी कार्यकर्ता नाही. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत वाढलो. दुभाषा यांनी भाचीचा उल्लेख केला म्हणून लिहावंसं वाटलं.

मी नऊ वर्षांचा असताना वडिलांचा आजार बरा होणारा नाही, हे त्यांना मी सांगितलं. डॉक्टर मला सांगत होते आणि मी वडिलांना. खरं तर मी पूर्ण सांगितलं नाही. ‘बराच वेळ लागेल’ म्हणालो. वडील हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्या खोलीत तीन मोठी माणसं होती आणि त्यांच्यातल्या कुणालाही हे मुलाचं काम नव्हे असं वाटलं नाही. मी चटपटीत बोलतो म्हणून कौतुक मात्र झालं.

तेव्हा कृपा करून मुलांना मधे घालू नका. मूल स्वतः ‘मी सांगतो’ म्हणालं तरी नको.

दुसरं, प्रश्न का विचारताय ते सांगा. ‘घरात किती जण राहतात?’ हा तुम्हाला साधा रकाना. आम्हाला वाटायचं, जास्त सांगितलं तर घर काढून घेतील, कमी सांगितलं तर मदत कमी मिळेल. आई प्रत्येक कार्यालयात वेगळा आकडा सांगायची, आणि मग आम्ही खोटं बोलतो अशी नोंद व्हायची. एकच बाई अशी भेटली जिने आधी सांगितलं, ‘हे विचारतेय कारण खोल्या किती लागतील ते ठरवायचंय. हा आकडा या खोलीबाहेर कुणाला दिला जात नाही.’ आईने त्या दिवशी खरा आकडा सांगितला. त्या बाईंना आमची भाषा अजिबात येत नव्हती. आमचं आडनाव मात्र त्यांनी तीनदा विचारून, जमेल तसं बरोबर म्हणून दाखवलं होतं. आई अजून त्यांची आठवण काढते.

जुनीवही

पलीकडचीखुर्ची, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ‘का विचारतेय’ हे वाक्य मी माझ्या नव्या मुलींच्या यादीत वरती घेते आहे. वडिलांबद्दल वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

नवीवाट, सवय मागितली होतीस म्हणून एक राहिलेलं. जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या उपाहारगृहातलं उदाहरण नोंदवलं आहे. दक्षिण आशियातून आलेल्या बायका वाढताना पदार्थाचं नाव खालच्या पट्टीत उतरत्या सुरात म्हणायच्या. त्यांच्या मते तो प्रश्नच होता, ‘हवं का?’ ऐकणाऱ्या स्थानिक कामगारांना तो उर्मटपणा वाटायचा, कारण त्यांच्या सवयीचा प्रश्न चढत्या सुरात यायचा. दोन्ही बाजूंना ते ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर उलगडा झाला. हे वाचल्यापासून मी महिन्यातून एकदा, क्लायंटची परवानगी घेऊन, एक भेट रेकॉर्ड करते आणि एकटी बसून ऐकते. बाकी काही बघत नाही, फक्त दोन गोष्टी मोजते: मी किती प्रश्नांना ‘ना’ लावला, आणि समोरच्याचं वाक्य किती वेळा तोडलं. पहिल्या वेळी चाळीस मिनिटांत ‘ना’ एकतीस वेळा आला होता. आता चार-पाचवर आहे, शून्य अजून झालेलं नाही. ऐकून झालं की रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, आणि ते पुसणार आहोत हे क्लायंटला आधीच सांगायचं.

नवीवाट

तीन आठवड्यांनी परत आले. तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं, पण आधी काहीतरी करून मग लिहावं असं ठरवलं.

तक्ता काढला. फोनवरचा दुभाषा मिळवायला दोन अर्ज करावे लागले, मिळाला. भेटीआधी त्याला सहा मिनिटं दिली आणि ‘शाळा’ हा शब्द येऊ देऊ नका म्हणून सांगितलं. आईला निरोप त्या ओळखीच्या बाईकडून नाही पाठवला, दुभाष्याकडूनच पाठवला: ‘कागदावर सही करायची नाहीये, मुलगा तुमच्याजवळच राहणार आहे, फक्त मला तुमच्याकडून ऐकायचंय.’ ती आली, मुलाला कडेवर घेऊन. अर्धा वेळ दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. मी तिला सरकून पुढे बसा म्हटलं नाही.

जुनीवही, भीतीचा प्रश्न विचारला. सातपर्यंत मोजलं, मग पुन्हा सातपर्यंत. मग ती जे बोलली ते निवासी शाळेबद्दल नव्हतंच. ती म्हणाली, गरोदर असताना ती एकदा पडली होती, आणि तपासणी झाली की हे तिच्यामुळे झालं असं सगळ्यांना कळेल. नवऱ्यालासुद्धा तिने सांगितलेलं नाही. निवासी शाळेची भीतीही होती, पण ती तिने नंतर सांगितली, जवळजवळ उठता उठता.

यावर मला काय बोलावं ते कळेना. ‘असं काही नसतं हो’ म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही म्हटलं. विचारलं, ‘हे इतके दिवस एकटीनेच मनात ठेवलंत?’ त्यावर ती रडली, आणि दुभाषाही काही क्षण गप्प राहिला. मग मी सांगितलं की ऐकण्याच्या तपासणीत कानाला आवाज पोहोचतो का एवढंच बघतात, कुणाची चूक ते त्यात कुणी शोधत नाही, आणि तपासणीच्या वेळी तू त्याच खोलीत त्याच्याजवळ बसू शकतेस. घरी काय सांगाल असं विचारलं तर तिने सगळं बरोबर सांगितलं, फक्त आठवड्यातून दोनदाच्या ऐवजी एकदा म्हणाली. मी दुरुस्त केलं, तेव्हा कळलं की दोनदा तिला येताच येत नाही, धाकट्याला बघायला कुणी नसतं. पहिल्या भेटीत ‘जमेल ना’ला ती हो म्हणाली होती. आता एकदाच ठरवलं आहे, आणि दुसऱ्या दिवशीचा सराव घरी कसा घ्यायचा ते वाचा-उपचारतज्ज्ञ तिला दाखवणार आहेत.

माझे ‘ना’ मोजले. सव्वीस.

केस नोटमधली जुनी नोंद आमच्याकडे खोडता येत नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं: ‘आधीच्या भेटीत संमतीपत्र आईच्या भाषेत समजावले गेले नव्हते. सही ग्राह्य धरू नये. नवीन संमती दुभाष्यासह घेतली जाईल.’ सुपरवायझरने विचारलं, हे स्वतःविरुद्ध का लिहितेस? मी म्हटलं, पुढे ही फाइल कुणाच्या हातात गेली तर त्याने ‘सहकार्य नाही’ वाचून थांबू नये.

दुभाषा दादा, एक विचारायचं राहिलं. पुढच्या गुरुवारी नवराही येणार आहे. पडल्याची गोष्ट तिने त्याला सांगितलेली नाही, आणि दुभाषा तोच असणार आहे, ज्याने ती ऐकली आहे. त्याला आधी काय सांगून ठेवू?

दुभाषा

ताई, त्याला आधीच्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगा की मागच्या भेटीतलं काहीही या भेटीत आणायचं नाही, तुम्ही किंवा आई स्वतः बोलल्याशिवाय. त्याला हे माहीत असणारच, तरी सांगा. आणि आईला नवऱ्याआधी दहा मिनिटं एकटीला बोलवा. यातलं काय बोलायचं आणि काय नाही, हे तिच्याकडूनच ठरवून घ्या. नवरा तिला थेट विचारेल अशी शक्यता आहे, तेव्हा काय करायचं तेही त्या दहा मिनिटांतच बोला. गुरुवारनंतर इथे लिहा.